मागच्या चाकातलं तेल

माघातल्या एका मंगळवारी सुनंदा गेली. सकाळी तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले. संध्याकाळी मी घरी परतलो.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात मी मोटारसायकलवरून वज्रेश्वरीला जाऊन आलो. कशेळीहून भिवंडी, भिवंडीहून अंबाडीमार्गे वज्रेश्वरी, आणि परत. अंतर इतकं थोडं की याला प्रवास म्हणताना मलाच संकोच वाटतो. पण वाटेत जे घडलं ते लिहून ठेवावंसं वाटलं, म्हणून लिहितो आहे.

मी कशेळीला राहतो आणि ठाण्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. गाडी शंभर सीसीची, लग्नाच्या वर्षी घेतलेली. ती चालवायचो मी, पण तिच्याकडे लक्ष असायचं सुनंदाचं. सुनंदाचे वडील भिवंडीत जॉबर (लूमची, म्हणजे यंत्रमागाची, दुरुस्ती-देखभाल करणारा कारागीर), त्यामुळे तिचे कान लहानपणापासून यंत्रांना सरावलेले. मागे बसून ती सांगायची, "चेन वाजतेय हो," किंवा "उजवीकडं काहीतरी घासतंय." मग मी गाडी गॅरेजात न्यायचो आणि तिचंच वाक्य मेकॅनिकला सांगायचो. ती गेल्यावर मागची सीट रिकामी राहिली आणि मला सांगणारं कुणी उरलं नाही. मागचा ब्रेक दाबला की कुई असा आवाज यायला लागला होता. तो मी कित्येक महिने ऐकत होतो. गाडी थांबत होती, तेव्हा मला पुरेसं वाटत होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत सासऱ्यांचा फोन आला. त्यांना मी मामा म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. पुस्तकांजवळ काम करणारा माणूस त्यांच्या लेखी मास्तरच.

"मास्तर, लूमचं काम सोडतोय मी. डोळं आता धाग्याला लागत न्हाईत. गावी जातो कायमचा, पुतण्याकडं. त्याच्या आधी एकदा वज्रेश्वरीला जाऊन येऊ. जमंल का?"

"जमेल की," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसलो. मामांचं गाव मुरबाडच्या पुढे, आत डोंगराकडे. ते तिकडे गेले की भिवंडीला जायचं मला काही कारण उरणार नव्हतं, आणि मला फोन करायचं त्यांनाही. आम्हाला मूल नाही. जिच्यामुळे आम्ही एकमेकांचे कुणी होतो ती मधून गेली होती. ही आमची शेवटची भेट ठरू नये असं मला फार वाटत होतं. पण जावयाने सासऱ्याला असं काही म्हणायची रीत आमच्याकडे नाही. आम्ही एकमेकांशी जेवणखाण, हवापाणी आणि तब्येत एवढंच बोलत आलो होतो.

गुरुवारी उन्हं उतरल्यावर निघालो. खाडीचा खारा, कुबट वास काल्हेरपर्यंत सोबत होता. दोन्ही बाजूंना गोदामं, त्यांच्या तोंडाशी उलटे लागलेले ट्रक, ट्रकांखाली चटया टाकून पडलेले क्लीनर. अंजूरफाट्याला गर्दीत अर्धा तास गेला. भिवंडीत शिरलं की आधी लूम ऐकू येतात, मग गाव दिसतं. खटाखट, खटाखट, प्रत्येक गल्लीतून. नवख्या माणसाचं डोकं उठतं. तिथल्या माणसाला तो आवाज थांबला की चुकल्यासारखं होतं.

मी मामांच्या गल्लीत वळलो आणि नेमके त्याच वेळी दिवे गेले. लोडशेडिंग. सगळे लूम एका दमात गप्प झाले. त्या शांततेत मी ब्रेक दाबला आणि माझ्या गाडीची कुई गल्लीभर वाजली. कुणीतरी अंधारातून म्हणालं, "अरे, बकरी कौन लाया?" दोन-तीन जण हसले.

मामा दारातच उभे होते. उंच, वाळके, सदऱ्याच्या खिशात नेहमीचा हूक खोवलेला. फणीतून (ताण्याचे धागे वेगळे ठेवणारा लोखंडी कंगवा) धागा ओढून घ्यायचं ते हत्यार.

"गाडी रडतीय, मास्तर."

"जुनी झाली," मी म्हणालो.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पण पुढे काही बोलले नाहीत. मेणबत्तीच्या उजेडात तांदळाच्या भाकऱ्या त्यांनी स्वतः थापल्या. सोबत जवळ्याची सुकट आणि कच्चा कांदा. मला गरम भाकरी मिळावी म्हणून ते मागे राहून जेवले. मी नको नको म्हणत होतो, ते वाढत होते.

शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात. सकाळी जाग आली तेव्हा मामा आंघोळ उरकून, धुतलेला सदरा घालून, बाहेर गाडीजवळ चिंधीने हात पुसत उभे होते. सुनंदाचं हेल्मेट मी बरोबर आणलं होतं. ते त्यांना दिलं. त्यांनी ते क्षणभर हातात धरलं आणि डोक्यावर चढवलं. पट्टा मला थोडा सैल करावा लागला.

"मडकं घातल्यावानी वाटतंय," आतून आवाज आला.

नदीनाक्यापर्यंत मी दोन-तीनदा मागचा ब्रेक दाबला. आवाज आला नाही. मला बरं वाटलं. आपोआप गेला असेल असं धरून मी पुढे निघालो. माझ्यासारखी माणसं यंत्राबद्दल असाच विचार करतात.

शेलार, कवाड मागे पडलं. वाडा रोडला डांबर बरं होतं, मध्येच खडी. शेतं नांगरून उघडी पडलेली, बांधावर काजू आणि आंबे, आणि करवंदीच्या जाळ्या काळ्या झालेल्या. मामा मागून दाखवत होते: हे वीटभट्टीवाल्याचं, हे आधी भाताचं व्हतं. मी हूं हूं करत होतो. इतक्या दिवसांनी गाडीवर मागे कुणाचं तरी वजन होतं आणि गाडी मला जास्त स्थिर वाटत होती.

अंबाडीच्या अलीकडे एक उतार लागतो, खाली अरुंद मोरी आहे. उताराच्या मध्यावर आलो तेव्हा दिसलं की मोरीवर पेंढ्याचा ट्रक अडकून उभा आहे. मी ब्रेकवर पाय दिला. पाय खाली गेला, गाडी मात्र तशीच पळत राहिली. परत दाबला. चाकाला काही पडलीच नव्हती. पुढचा ब्रेक एकदम आवळला असता तर मामांसकट पालथा झालो असतो. तो थोडा थोडा आवळत मी गियर उतरवत गेलो, इंजिन भुंकायला लागलं, आणि ट्रक पाच-सहा हातांवर आला तेव्हा गाडी कडेच्या मातीत घातली. पुढचं चाक करवंदीच्या जाळीत जाऊन थांबलं.

मी इंजिन बंद केलं. मग मागून मामा म्हणाले, "माजी एक चप्पल वर ऱ्हायली."

ती मी चालत जाऊन घेऊन आलो. परत आल्यावर चाकाशी उकिडवा बसलो. ब्रेकचा दांडा जिथे चाकाच्या मधल्या ड्रममध्ये शिरतो तिथून तेल पाझरून तारांवर आणि टायरच्या कडेवर पसरलं होतं. पातळ, पाण्यासारखं. बोटाला लावून वास घेतला आणि मला सगळं कळलं. हे स्पिंडल ऑईल होतं, लूमला घालतात ते. मामांच्या हातांना लग्नाच्या दिवशीसुद्धा हाच वास होता. लांब चोचीची त्यांची तेलाची झारी खोलीत दाराशीच असते. लूम कुईकुई करायला लागला की जिथून आवाज येतो तिथे दोन थेंब सोडायचे, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. माझी गाडी रडते हे ऐकून सकाळी मी उठायच्या आत त्यांनी तेच केलं होतं. आवाज ब्रेकचा होता, तेल ब्रेकच्या आत उतरलं होतं.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

मी बोट रुमालाला पुसलं. "ब्रेक सैल झाला असेल," म्हणालो.

या माणसाची एकुलती एक मुलगी गेली होती. तुम्ही जावयालाही आज ट्रकखाली घालत होता, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? कधीच सांगायचं नाही असं मी तिथेच ठरवलं.

ट्रक हलल्यावर आम्ही गाडी ढकलत निघालो. अंबाडी नाका दोनेक किलोमीटर असेल. ऊन डोक्यावर आलं होतं. वाटेत एक बाई पळसाच्या पानांवर ताडगोळे मांडून बसली होती. आम्हाला पाहून हसली.

"काय बाबा, जावयाला बैलावानी जुपलाव काय?"

"तुला कसं गं कळलं जावई?" मामा चकित झाले.

"पोरगा असता तं तुमी शिव्या नसत्या दिल्या? इतका येल गप ढकलताव दोगं."

मामा पहिल्यांदाच हसले. आम्ही सावलीला बसून ताडगोळे खाल्ले. सालपट बोटांनी सोलायचं, आतलं थंड पाणी ओघळू न देता तोंडात घ्यायचं. मला ते अजून नीट जमत नाही, सदऱ्यावर सांडलं.

"लेक न्हाय आली बरोबर?" बाईने विचारलं.

"न्हाय," मामा म्हणाले.

उठताना तिने आणखी एक ताडगोळा पानात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. "लेकीला न्या."

मामांनी तो घेतला. पुढच्या वळणावर थांबून सोलला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. आम्ही परत ढकलायला लागलो.

अंबाडी नाक्याच्या अलीकडे चिंचेखाली एक गॅरेज होतं: चार पत्रे, एक बाकडं, टायरवर खडूने लिहिलेलं 'पंक्चर'. मालकाचं नाव बाळाराम, चाळिशीचा, पोट सुटलेला, तोंडाची टकळी अखंड चालू. त्याने मागचं चाक उतरवलं आणि शीळ घातली.

"भिवंडीची गाडी हाय ना? वळखली. आसाला बघा किती सूत गुंडाळलंय. तुमचे रस्त्यावर धागं पडतात नि चाकं कापड विणाया बसतात." मग त्याने ड्रम उघडा करून माझ्यापुढे धरला. आत सगळं चमकत होतं. "आनि ही शहाणपट्टी कुनाची? ब्रेकात तेल! कुनी घातलं?"

"मी," मी म्हणालो.

"तुमी काय करता?"

"ग्रंथपाल आहे. शाळेत."

"मंग बरोबर! पुस्तकात वाचून घातलं असंल. मास्तर, ब्रेक म्हंजे काय, घासतो म्हनून थांबवतो. त्याला तेल पाजलं तं तो घासंल कशाला? मागं म्हाताऱ्या मानसाला बसवलाव, आनि हे धंदे? मारला असतात ना त्यांना!"

तो बोलत राहिला आणि मी मान खाली घालून ऐकत राहिलो. मला ते जड गेलं नाही. खरं तर त्यातली निम्मी बोलणी माझीच होती. कुई ऐकूनही वर्षभर चाक न उघडणारा मीच होतो. बाळारामने ब्रेकच्या दोन्ही पट्ट्या काढून दाखवल्या. तेल पिऊन काळ्या पडल्या होत्या, आणि झिजून कडेला पार पत्र्याला टेकल्या होत्या. "ह्या झिजल्या म्हनून वरडत व्हत्या. आवाज बंद कराचा नस्तो, मास्तर, आवाज काय सांगतो तं बघाचं."

"त्यांनी न्हाय घातलं," बाकड्यावरून मामा म्हणाले. "मी घातलं."

बाळारामचा हात थांबला.

"चाळीस वर्सं लूमवर जॉबर हाय मी. लूमला पण ब्रेक असतो, चामड्याचा. त्याला तेल लागलं तर आडवा धागा नेणारा धोटा मधी अडकला तरी लूम थांबत न्हाय, समदा उभा ताना तोडून टाकतो. नव्या पोरांना मी बोटावर मारलंय त्याच्यासाठी." ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. "आनि आज मीच घातलं. आवाज ऐकला, की हात झारीकडं गेला."

बाळारामसारखा माणूस गप्प झाला की गॅरेज मोठं वाटायला लागतं. शेवटी तोच म्हणाला, "काका, च्या सांगू का?"

चहा येईपर्यंत त्याने आमचं नातं विचारून घेतलं. मामांनी चहा घेतला नाही. ते उठले आणि चाकाशी येऊन बसले. "सूत मी काढतो," म्हणाले, आणि खिशातला हूक काढला. आसाभोवती घट्ट बसलेले धागे त्यांनी एकेक करून सोडवले. रंगीत, पांढरे, जरीचासुद्धा एक. बाळाराम ड्रम पेट्रोलने धूत होता, सँडपेपर फिरवत होता, आणि मामा विचारत होते. चेन किती सैल ठेवायची? मधोमध बोटाने उचलली तर इंचभर हलावी, बाळारामने दाखवलं. तिला तेल कोणतं? जाडं, गियरचं; आणि घातल्यावर पुसायचं, नाहीतर टायरवर उडतं. ब्रेकचं पायडल किती खाली गेलं की पकडायला हवं? मामांनी ते हाताने पाच-सहा वेळा दाबून बघितलं आणि नट अर्धा फेरा आवळायला लावला. माझ्या चौदा वर्षांच्या चालवण्यात मी यातलं काहीही विचारलं नव्हतं.

नव्या पट्ट्या बसल्या, चाक चढलं, आसाचा नट आवळला. बाळाराम हात पुसायला लागला. मामा अजून वाकूनच होते.

"हे भोक कशाला हाय?"

नटाच्या पुढे आसाला आरपार एक बारीक भोक होतं.

बाळाराम वाकला. "आयला! त्यात पिन असते. नट सुटू नये म्हनून. काढताना व्हतीच न्हाय, मागच्या कुनीतरी खाल्ली. आनि मी पन तसाच सोडत व्हतो."

"रिकामं भोक कुनी उगाच पाडत न्हाय," मामा म्हणाले.

बाळारामने पिन घातली, पक्कडीने तिची टोकं दुमडली आणि मला म्हणाला, "मास्तर, सासरा इथंच ठेवून जा. तुमाला दुसरा बघा."

आम्ही वज्रेश्वरीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. देवळाच्या पायऱ्या तापल्या होत्या. मामा कठड्याला धरून चढले. दर्शन घेतलं, नारळ फोडला, खाली येऊन बटाटाभजी खाल्ली. दुकानदार शिरापुरी घ्या म्हणून मामांच्या मागे लागला होता. त्यांनी भजीच परत मागवली. मग गरम पाण्याच्या कुंडावर गेलो. पाणी इतकं कढत की पहिल्यांदा फक्त अंगठा बुडतो, मग पाऊल, मग पोटरी. शेजारी मनोरचे दोघे भाऊ गुडघाभर पाण्यात उभे राहून जमिनीच्या वाटणीवरून भांडत होते आणि एकमेकांची पाठही चोळत होते.

मामा पायरीवर बसले, गुडघे पाण्यात.

"मास्तर, तिथं उतारावर तुमाला कळलं व्हतं ना?"

"हो."

"मग बोलला का न्हाय? वरनं त्याच्या शिव्या खाल्ल्या."

"तुम्ही सासरे. कसं बोलणार?"

मामा पाण्याकडे बघत होते. बोलले तेव्हा आवाज चढलेला होता. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. "सासरा कसला? जिच्यामुळं सासरा, ती गेली. आनि मी बी बघा. काल आवाज ऐकला, तेव्हाच इचारायचं की न्हाय, की मास्तर, चाक कंदी उघडलं व्हतं? न्हाय इचारलं. जावयाला कसं इचारायचं? म्हनून चोरून तेल घातलं. तुमचा मान, माजा मान, आनि मधी ट्रक."

मनोरचा एक भाऊ भांडण थांबवून आमच्याकडे बघायला लागला.

"सुनी असती तर दोगांनाबी झाडलं असतं," मामा म्हणाले.

"असतं," मी म्हणालो. मग जे फोन ठेवल्यापासून मनात होतं ते, त्या वाफेत, परक्या माणसांसमोर म्हणून टाकलं. "मामा, तुम्ही गावी गेलात तरी मी येत जाईन. चालेल का?"

"रस्ता खराब हाय तिकडं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "टायर बदलून घ्या आदी. मागचा पार गुळगुळीत हाय. सकाळीच बघितला व्हता, बोललो न्हाय."

मी हसलो. तेही हसले. मनोरचे भाऊ परत भांडायला लागले.

परतीला अंबाडीचा तोच उतार चढून आलो. मामा मागून सारखे बोलत होते. क्लच उशिरा सोडताय. त्या खड्ड्यातनं कशाला घातली? समोरचा दिवा खाली बघतोय, वर करून घ्या. इतक्या सूचना सुनंदानेही कधी केल्या नसतील. भिवंडीत त्यांना दारात सोडलं, टायर तिथल्याच दुकानातून बदलला आणि उजेड असतानाच कशेळीला पोचलो. गाडी उभी करून चेन बोटाने उचलून बघितली. इंचभर हलली.

जूनमध्ये मामा गावी गेले. मी महिन्यातून एकदा तिकडे जातो. निघण्याच्या आदल्या दिवशी ब्रेक, चेन, हवा आणि दिवे बघतो. त्याला पाऊण तास लागतो आणि तो वेळ बरा जातो. पोचल्यावर मामा आधी गाडी बघतात, चुका काढतात, मग आम्ही जेवतो. काही खटकलं तर मीही त्यांना सांगतो. ते कधी ऐकतात, कधी नाही.

सुनंदा नाही. मामा आणि मी आहोत.